खासगी रुग्णालयात रुजू होताना: नेमणूकपत्राच्या सहीपासून रिलिव्हिंग लेटरपर्यंत

नफ्यावर चालणाऱ्या रुग्णालयात कामाला लागण्याआधी त्या रुग्णालयाचा एक हिशेब समजून घ्या. इमारतीचं भाडं, यंत्रांच्या कर्जाचे हप्ते, वीज हा खर्च खाट भरलेली असो की रिकामी, तेवढाच राहतो. औषधं आणि साहित्य बहुतेक वेळा रुग्णाच्या बिलात जातं. महिनाभरात खाली आणता येईल असा मोठा खर्च मग एकच उरतो, तो म्हणजे माणसांचा. उत्पन्न घटलं म्हणून कुणी एमआरआय मशीन विकत नाही. सोडून गेलेल्या नर्सची जागा मात्र रिकामीच ठेवली जाते, दोन वॉर्ड एका इनचार्जकडे (वॉर्डाच्या प्रमुख नर्सकडे) येतात, रात्रीचा वॉर्डबॉय दोन मजल्यांना मिळून एक होतो. असं व्हायला कुणी वाईट असावं लागत नाही. तुमच्या मेट्रननी, म्हणजे रुग्णालयातल्या सगळ्या नर्सच्या प्रमुखांनी, स्वतः वॉर्डात वीस वर्षं काढलेली असतील आणि तरी नवीन माणूस घेण्याच्या कागदावर त्यांची सही चालत नसेल.

म्हणून या मार्गदर्शनाचा भर माणसांची संख्या, कामाचे तास आणि लेखी नोंद या तीन गोष्टींवर आहे. हे मुख्यतः वॉर्डातल्या नर्स, टेक्निशियन आणि मदतनिसांसाठी लिहिलं आहे. पगार, ओव्हरटाइम, बाँड, रजा यांचे कायदे देशादेशांत, राज्याराज्यांत वेगळे असतात. आकडे पाहताना तुमच्याकडचा कायदा शेजारी ठेवा.

सही करण्याआधी

मुलाखतीत 'तुमच्याकडे नर्स-रुग्ण प्रमाण काय?' असं विचारलं की छापील उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा, 'काल रात्री या वॉर्डात रुग्ण किती होते आणि ड्यूटीवर नर्स किती होत्या?' उत्तर चटकन आलं तर कुणीतरी ते रोज मोजतं आहे. दुसरा प्रश्न, 'गेल्या वर्षभरात या वॉर्डातून किती जण सोडून गेले?' आणि तिसरा, 'पहिले किती दिवस मी अनुभवी नर्सबरोबर असेन, आणि त्या दिवसांत रुग्णसंख्येच्या हिशेबात मला धरणार का?' शेवटचा प्रश्न नवख्यांना सुचत नाही. शिकाऊ माणूस पहिल्या दिवसापासून पूर्ण नर्स म्हणून मोजला गेला, की शिकवायला कुणाकडेच वेळ उरत नाही.

शक्य असेल तर वॉर्ड बघायला मागा, पाच मिनिटं पुरतात. सुयांचा डबा तीन-चतुर्थांशाच्या वर भरलेला आहे का, क्रॅश कार्टवर (तातडीच्या औषधांच्या आणि साधनांच्या गाडीवर) सील आहे का आणि तपासणीच्या वहीत कालची सही आहे का, भिंतीवरच्या रोस्टरमध्ये, म्हणजे ड्यूट्यांच्या तक्त्यात, किती ठिकाणी खाडाखोड आहे, एवढं पाहा. खाडाखोडीनं भरलेला तक्ता सांगतो की इथे ऑफ आयत्या वेळी रद्द होतात.

नेमणूकपत्र घरी नेऊन वाचा. 'आत्ताच सही करा' असा आग्रह झाला तर एक दिवस मागा. हे मुद्दे त्यात शब्दांत लिहिलेले हवेत:

- मालक नक्की कोण: रुग्णालय की मनुष्यबळ पुरवणारा कंत्राटदार. पगार थकला किंवा अपघात झाला तर पहिली विचारणा कुणाकडे करायची, ते यावरून ठरतं.
- कामाचे तास, आणि ओव्हर (पाळी बदलताना रुग्णांची माहिती आणि जबाबदारी) देण्या-घेण्याचा वेळ त्यात धरला आहे की नाही.
- साप्ताहिक सुट्टी, नाइट अलाउन्स, ओव्हरटाइमचा दर. 'नियमानुसार' एवढंच लिहिलं असेल तर कुठला नियम ते विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.
- प्रोबेशन किती महिन्यांचं, आणि नोटीस पिरियड दोन्ही बाजूंना सारखा आहे का. तुमच्यासाठी तीन महिने आणि त्यांच्यासाठी एक, असा मजकूर बऱ्याचदा सापडतो.
- बदली: 'समूहाच्या कोणत्याही शाखेत' या शब्दांचा अर्थ दुसरं शहरही होऊ शकतो.
- बाँड (ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार) असल्यास मुदत, रक्कम आणि ती रक्कम कोणत्या प्रशिक्षणाच्या खर्चापोटी आहे. दर महिन्याला ती घटत जाते का, हेही लिहून घ्या.

मूळ प्रमाणपत्रं कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. पडताळणीसाठी दाखवा आणि त्याच बैठकीत परत घ्या. 'सगळ्यांचीच आमच्याकडे असतात' हे उत्तर मान्य करू नका. मूळ कागद अडकले, की पुढे प्रत्येक बोलण्यात तुमची बाजू लंगडी पडते.

पहिला आठवडा

हिपॅटायटिस बी लशीचे तीन डोस (० महिना, १ महिना, ६ महिने) झाले आहेत का, ते पाहा. झाले असतील तर शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी अँटिबॉडीची पातळी मोजून घ्या. ती १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक (mIU) प्रति मिलिलिटर किंवा त्याहून जास्त असेल तर तुम्ही सुरक्षित आहात, आणि हा रिपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा असतो. लस न घेतलेल्या व्यक्तीला बाधित रुग्णाची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी होण्याची शक्यता ६ ते ३० टक्के धरली जाते. एचआयव्हीसाठी तीच शक्यता सुमारे ०.३ टक्के आहे. वॉर्डात भीती एचआयव्हीची असते आणि दुर्लक्ष बी कडे, हे उलटं आहे.

ऑक्सिजनचा झोनल वाल्व (त्या भागाचा पुरवठा बंद करण्याची कळ), आगीचा जिना, क्रॅश कार्ट, कोड (रुग्ण अचानक कोसळल्याचा इशारा) जाहीर करण्याचा अंतर्गत नंबर या चार जागा स्वतः चालत जाऊन बघा. लॉगिन स्वतःच्या नावाचं घ्या. ते मिळेपर्यंत दुसऱ्याच्या लॉगिनमधून औषध दिल्याची नोंद करू नका, कागदावर सही करा.

कौशल्यांची एक यादी हातात येईल: इन्फ्युजन पंप, सक्शन, रक्त चढवणं, डिफिब्रिलेटर. जे दाखवलं आणि तुमच्याकडून करून घेतलं, तिथेच सही करा. बाकी रकान्यांत तारीख घालून 'प्रात्यक्षिक बाकी' लिहा. उद्या त्या यंत्रावर काही बिघडलं तर पहिल्यांदा हीच यादी बाहेर काढली जाते.

रोस्टर वाचायला शिका

रोस्टर लागलं की बहुतेक जण आपली ओळ बघून निघून जातात. सगळा तक्ता बघा, कारण पुढच्या महिन्याचा ताण त्यातच दिसतो.

समजा वॉर्ड २४ खाटांचा आहे आणि ठरलेलं प्रमाण एका नर्समागे ६ रुग्ण. प्रत्येक पाळीला ४ नर्स, दिवसाच्या तीन पाळ्यांना १२, म्हणजे आठवड्याला ८४ ड्यूट्या. एक नर्स आठवड्याला ६ ड्यूट्या करते, तेव्हा १४ नर्स लागतात. पण हा हिशेब कुणी वर्षभर रजा घेतली नाही, आजारी पडलं नाही, ट्रेनिंगला गेलं नाही, तरच जमतो. साप्ताहिक सुट्ट्या वजा करता वर्षाला ३१३ ड्यूट्या होतात. त्यातल्या ३० रजा, आजारपण आणि ट्रेनिंगमध्ये गेल्या तर २८३ उरतात. १४ ला ३१३ ने गुणून २८३ ने भागलं की साडेपंधरा येतात, म्हणजे १६ नर्स.

आता भिंतीवरची नावं मोजा. ती ११ असतील, तर एकही रजा नसताना दर आठवड्याला १८ ड्यूट्यांना माणूस नाही. त्या ड्यूट्या हवेत विरत नाहीत. कुणाच्या डबल ड्यूटीत जातात, कुणाच्या रद्द झालेल्या ऑफमध्ये, किंवा सहाऐवजी आठ रुग्णांत. इनचार्ज सिस्टर 'तुम्ही मुली रजा फार घेता' असं म्हणाल्या, तरी हा हिशेब डोक्यात असू द्या. वॉर्ड १४ वर बेतलेला असेल, तर एका मुलीच्या तापानंही तो कोलमडणारच.

तक्त्यात आणखी दोन ठिकाणी बोट ठेवून पाहा.

पहिलं ठिकाण, नाइटनंतरचा ऑफ. मंगळवारी रात्री सुरू झालेली नाइट बुधवारी सकाळी आठला संपते, आणि बुधवारच्या रकान्यात 'ऑफ' लिहिलेला असतो. गुरुवारी सकाळी आठला पुन्हा ड्यूटी. बुधवारचे पहिले आठ तास तुम्ही वॉर्डातच होता, दिवस झोपेत गेला, आणि तीच साप्ताहिक सुट्टी म्हणून धरली. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९७७ च्या नर्सिंग कर्मचाऱ्यांविषयीच्या शिफारशीत साप्ताहिक विश्रांती कोणत्याही परिस्थितीत सलग ३६ तासांपेक्षा कमी नसावी असं म्हटलं आहे. दोन पाळ्यांमध्ये किमान १२ तासांचं अंतर आणि ओव्हरटाइम धरून दिवसाला जास्तीत जास्त १२ तास काम, हेही त्यातच आहे. शिफारस बंधनकारक नसते, पण रोस्टरवर बोलताना हातात धरायला भक्कम आधार आहे.

दुसरं ठिकाण, दुपारपाळीनंतरची सकाळपाळी. रात्री नऊला सुटून सकाळी सातला हजर म्हणजे कागदावर दहा तास. त्यातून ओव्हर, प्रवास, जेवण, आवरणं काढलं तर झोप पाच-सहा तासांची. महिन्यातून एकदा चालेल. आठवड्यातून तीनदा असेल तर बदलून मागा.

ड्यूटी आपसांत बदलली तर दोघींची आणि इनचार्जची सही तक्त्यावरच घ्या. तोंडी बदललेल्या ड्यूटीत गैरहजेरी लागते ती ज्यांचं नाव छापलेलं आहे त्यांची.

आणि स्वतःचे तास स्वतः लिहा. तारीख, आल्याची वेळ, सुटल्याची वेळ, वॉर्डातले रुग्ण, ड्यूटीवरच्या नर्स: छोट्या वहीत रोज एक ओळ. रुग्णाचं नाव, खाट क्रमांक किंवा आजार त्यात कधीही लिहू नका, केस पेपरचा फोटो मोबाइलमध्ये ठेवू नका. गोपनीयतेचा भंग झाला तर तुमची रास्त तक्रारही बाजूला पडते. रोज ४५ मिनिटं जास्त थांबलात, तर २६ ड्यूट्यांचे साडेएकोणीस तास होतात, म्हणजे महिन्याला जवळपास अडीच ड्यूट्या फुकट. 'थोडं थांबावं लागतंच' या वाक्यात हे दिसत नाही, वहीत दिसतं.

ओव्हर घ्यायचा तो खाटेपाशी

काउंटरवर उभं राहून 'सात नंबर ठीक, आठ नंबर ठीक, नऊचं सलाईन चालू' असा घेतलेला ओव्हर पाच मिनिटांत संपतो आणि त्याची किंमत रात्री कळते. खाटेपाशी कसं बघायचं ते एका सलाईनवरून पाहू.

सकाळी दहाला १००० मिलीची बाटली लावली, आठ तासांत द्यायची आहे. म्हणजे ताशी १२५ मिली. मिलीला २० थेंबांचा सेट असेल तर मिनिटाला सुमारे ४२ थेंब. दुपारी दोनला तुम्ही ओव्हर घेता तेव्हा चार तास झालेत, ५०० मिली गेलं पाहिजे. बाटलीत ८०० शिल्लक दिसतं. 'चालू आहे' हे खरं, पण २०० च गेलं. आता चादर बाजूला करून हात बघा. सुईभोवती सूज आहे का, कातडी ताणलेली आणि गार लागते का, नळी कोपराखाली मुडपली आहे का, क्लॅम्प अर्धा बंद आहे का. कारण सापडलं की नोंद करा आणि डॉक्टरांना विचारा. राहिलेलं भरून काढायला थेंब वाढवू नका. हृदय किंवा किडनी कमकुवत असलेल्या रुग्णाला त्यानं धाप लागू शकते.

तसंच युरिन बॅगचं. 'युरिन होतंय' हे उत्तर पुरेसं नाही. प्रौढ रुग्णात किलोमागे ताशी अर्धा मिली हा साधा मापदंड ठेवा, ६० किलोच्या माणसाला ताशी ३० मिली. सहा तासांत बॅगेत ९० मिली असेल तर हे डॉक्टरांना सांगायचं प्रकरण आहे, आणि ते आधीच्या नर्स समोर असतानाच ठरवायचं.

इन्सुलिन, हेपॅरिन, पोटॅशियम यांचे पंप दोघींनी मिळून वाचा. मॉर्फिनसारख्या औषधांच्या अँप्युल्स दोघींनी मोजा, दोघींनी सही करा. मोजल्याशिवाय किल्ली हातात घेऊ नका.

सहा रुग्णांना हे नीट करायला अर्धा तास जातो. एक पाळी दोनला संपते आणि दुसरीही दोनलाच सुरू होते, असं रोस्टर असेल तर तो अर्धा तास रुग्णालयानं कुठेच धरलेला नाही. हा मुद्दा इनचार्जच्या बैठकीत मांडण्यासारखा आहे. पाळ्या अर्ध्या तासानं एकमेकींवर चढवणं हा त्यावरचा खरा उपाय.

माणसं कमी असतील त्या रात्री

क्रम महत्त्वाचा आहे, कारण ओव्हर घेतल्यावर रुग्णांची जबाबदारी तुमची होते. त्यानंतर वॉर्ड सोडून जाणं म्हणजे रुग्ण वाऱ्यावर सोडणं, त्यात नर्स म्हणून असलेली नोंदणीही धोक्यात येऊ शकते. हरकत घ्यायची ती ओव्हर घेण्याआधी.

१. रुग्ण मोजा, नर्स मोजा, आणि जड रुग्ण वेगळे मोजा: ऑक्सिजनवर किती, रक्त चालू किती, आजच ऑपरेशन झालेले किती.

२. नाइट सुपरवायझरना फोन करा. 'खूप लोड आहे' म्हणू नका. काय होणार नाही ते सांगा.

३. फोननंतर लगेच तेच लेखी पाठवा. नमुना: 'रात्री ८:००. रुग्ण २४, नर्स २. ऑक्सिजनवर ३, रक्त चालू १, आजची ऑपरेशन्स २. या संख्येत दर तासाला बीपी-पल्स पाहणं शक्य नाही. एक नर्स मिळावी किंवा सकाळपर्यंत नवीन ॲडमिशन दुसऱ्या मजल्यावर घ्यावं. ८:१० ला फोनवर कळवलं.' यात राग नाही, आरोप नाही, आणि दोन पर्याय आहेत.

४. मदत आली नाही तर काम उतरत्या क्रमानं लावा. श्वास, रक्तस्राव, वेळेवर द्यायची औषधं (अँटिबायोटिक, इन्सुलिन, फिट्सची औषधं), पडण्याचा धोका असलेले रुग्ण, कूस बदलणं. चादरी आणि रजिस्टरं शेवटी.

५. जे झालं नाही ते झालं म्हणून लिहू नका. पहाटे तीनचं बीपी घेतलं नसेल तर तो रकाना मोकळा ठेवा आणि कारण लिहा. अंदाजे भरलेला आकडा सकाळच्या डॉक्टरांना चुकीच्या वाटेनं नेतो. वर, माणसं पुरत होती असा पुरावाही तुम्हीच तयार करून ठेवता.

संख्येचा परिणाम मोजला गेलेला आहे. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांच्या २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, नर्समागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णांमध्ये ३० दिवसांत मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. कॅलिफोर्नियात २००४ पासून प्रमाण कायद्यानं बांधलेलं आहे, अतिदक्षता विभागात एका नर्समागे जास्तीत जास्त दोन रुग्ण. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये २०१६ पासून ठरावीक सरकारी वॉर्डांत दिवसा चार आणि रात्री सात रुग्णांना एक नर्स. मेट्रनशी किंवा व्यवस्थापनाशी बोलताना हे आकडे वापरा.

एक सापळा मात्र ओळखून ठेवा. बऱ्याच ठिकाणी मनुष्यबळ मध्यरात्रीच्या रुग्णसंख्येवर ठरतं. बारा नंबरचा रुग्ण सकाळी अकराला डिस्चार्ज झाला आणि दुपारी दीडला नवा आला, तर मध्यरात्रीच्या मोजणीत खाट एकच. पण डिस्चार्जची कागदपत्रं, खाटेची सफाई, नव्या रुग्णाची माहिती, सुई, रक्ताचे नमुने हे सगळं काम दिवसात झालेलं असतं. तुमच्या वहीत ॲडमिशन-डिस्चार्जची संख्याही लिहा.

डबल ड्यूटी

अमेरिकेत २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, साडेबारा तास किंवा जास्त काम केलेल्या नर्सकडून चूक होण्याची शक्यता सुमारे तिप्पट आढळली. सलग १७ तास जागं राहिल्यावर मेंदूची गती रक्तात ०.०५ टक्के दारू असल्यासारखी मंदावते. एखाद वेळी अडचणीत थांबणं सगळ्यांनाच लागतं, आणि तसं थांबणाऱ्या सहकारी मोलाच्या असतात. पण थांबाल तेव्हा तीन गोष्टी मागा: लेखी मेसेज, बदली सुट्टीची तारीख किंवा ओव्हरटाइमची नोंद, आणि मध्ये अर्धा तास बसून जेवायची वेळ. सुटल्यावर स्वतः गाडी चालवू नका.

सुई टोचली तर

जागा साबण-पाण्यानं धुवा. पिळू नका, चोखू नका, ब्लीच किंवा ॲसिड लावू नका. डोळ्यात रक्त उडालं तर साध्या पाण्यानं किंवा सलाईननं धूत राहा. मग लगेच इनचार्जना सांगून कॅज्युअल्टीत जा. एचआयव्ही प्रतिबंधक औषधं पहिल्या काही तासांत सुरू झाली तर सर्वांत उपयोगी, ७२ तासांनंतर त्यांचा भरवसा उरत नाही, कोर्स २८ दिवसांचा. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडीचं इंजेक्शन) शक्यतो २४ तासांत. पहिल्याच दिवशी तुमचंही रक्त तपासायला हवं, कारण घटनेच्या वेळी तुम्ही निरोगी होता हे त्यातूनच सिद्ध होतं.

नोंद त्याच पाळीत करा. बरेच जण 'आता कुठे फॉर्म भरत बसू' म्हणून सोडतात. नोंद नसली की पुढे उपचारांचा खर्च आणि भरपाई दोन्ही अडतात. सुई परत टोपणात घालताना, आणि भरून वाहणाऱ्या डब्यात सुई कोंबताना अशा जखमा हमखास होतात. डबा तीन-चतुर्थांश भरला की बदलायचा असतो. नवीन डबा 'स्टोअरमधून आलेला नाही' हे कारण तीन दिवस ऐकलंत, तर तेही लिहून कळवा.

पाठीचंही तसंच. अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा संस्थेनं रुग्ण उचलण्यासाठी सुचवलेली मर्यादा सुमारे १६ किलो आहे. प्रौढ माणसाचा एक पाय धरून ठेवणंही तिच्या जवळ जातं. सरकवायची चादर किंवा लिफ्ट मागा, निदान दोघांशिवाय हलवू नका.

चूक झाली, नोंद कशी करायची

आधी रुग्ण, मग डॉक्टर, मग कागद. केस पेपरवर फक्त घडलेलं लिहा: काय दिलं, किती वाजता, रुग्णाची स्थिती, कुणाला कळवलं. कुणाची चूक, का झाली, हे इन्सिडंट रिपोर्टमध्ये (घटनेच्या अंतर्गत अहवालात). तिथेही परिस्थिती लिहा: किती रुग्ण होते, दोन औषधांची वेष्टनं सारखी होती का, प्रिस्क्रिप्शन वाचता येत होतं का. जुनी नोंद खोडू नका. राहून गेलेलं 'उशिरा केलेली नोंद' म्हणून आत्ताची वेळ घालून लिहा.

इन्सिडंट रिपोर्ट भरणाऱ्यालाच मेमो देणाऱ्या वॉर्डात रिपोर्ट येणं बंद होतं आणि व्यवस्थापनाला सगळं छान दिसू लागतं. मेमो आलाच तर तोंडी उत्तर देऊ नका. मुदत वाचा, लेखी उत्तर द्या, पोच घ्या. 'माझी चूक मान्य' असा आयता मजकूर समोर ठेवला तर त्यावर सही न करता स्वतःच्या शब्दांत घटनाक्रम लिहा.

बिल आणि ऑडिट

ग्लोव्ह्ज, सिरिंज, ड्रेसिंग जेवढं वापरलं तेवढंच रुग्णाच्या नावावर टाका. 'पॅकेजमध्ये बसतं, दोन जास्त टाका' असं सांगितलं तर नम्रपणे म्हणा, 'सर, मी वापरलेलंच लिहिते. वाढवायचं असेल तर तुमच्या लॉगिनमधून करा.' ऑडिटच्या आदल्या रात्री महिनाभराची रजिस्टरं मागच्या तारखांनी भरायला सांगतात. त्या सह्या तुमच्या नावावर राहतात. ज्या दिवशी तुम्ही ड्यूटीवर नव्हता त्या दिवसाची सही तर कुठल्याही परिस्थितीत करू नका.

वरच्यांशी बोलताना

सकाळच्या बैठकीत तीन आकडे ऐकू येतील: किती टक्के खाटा भरल्या, रुग्ण सरासरी किती दिवस राहिला, एका भरलेल्या खाटेमागे रोजचं उत्पन्न किती. निर्णय घेणारे याच भाषेत विचार करतात, तेव्हा आपलं म्हणणं त्या भाषेत नेता आलं पाहिजे. 'आम्ही थकलोय' हे खरंच आहे आणि ते म्हणायलाच हवं. त्याच्या शेजारी 'गेल्या महिन्यात चार रुग्ण पडले, चारही रात्री दोनच नर्स होत्या' हे ठेवा. गुंतवणूक निधींनी विकत घेतलेल्या अमेरिकेतल्या ५१ रुग्णालयांच्या २०२३ मधल्या अभ्यासात, रुग्णालयातच उद्भवणाऱ्या टाळता येण्याजोग्या इजा इतर रुग्णालयांच्या तुलनेत सुमारे २५ टक्क्यांनी वाढल्या. त्यात रुग्ण पडणं आणि सेंट्रल लाइनचे (मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचे) संसर्ग ठळक होते. गुणवत्ता विभाग असे आकडे रस घेऊन वाचतो, कारण त्यांचंही मूल्यमापन त्यावरच होतं.

पायऱ्या सोडू नका: इनचार्ज, मग मेट्रन, मग एचआर किंवा मेडिकल डायरेक्टर. प्रत्येक पायरीवर ईमेल, सात दिवसांनी आठवण. तीन-चार जणींनी मिळून सही केलेलं पत्र एकटीच्या पत्रापेक्षा नीट वाचलं जातं आणि कुणा एकीवर राग निघत नाही. एचआरमधली माणसं प्रेमळ असू शकतात, पण ती रुग्णालयाची बाजू सांभाळायला नेमलेली असतात. कायद्याचा सल्ला संघटनेकडून किंवा वकिलाकडून घ्या.

नातेवाइकानं हात उगारला, किंवा वरिष्ठ अंगचटीला आला, तर पायऱ्यांची वाट पाहू नका. आधी तिथून बाहेर पडा, सिक्युरिटी बोलवा, त्याच दिवशी लेखी तक्रार द्या आणि सीसीटीव्हीचं चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच पत्रात करा. चित्रण ठरावीक दिवसांनी आपोआप पुसलं जातं.

सोडताना

राजीनामा ईमेलवर द्या, तारीख आणि शेवटचा दिवस लिहा, कारण एका ओळीत. 'मॅडमना सांगितलंय' याला नोटीस म्हणत नाहीत. राजीनामा देण्याआधी पगाराच्या स्लिप, रजेची शिल्लक, लसीकरण आणि प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं उतरवून घ्या, कारण लॉगिन शेवटच्या दिवशी दुपारीच बंद होतं. किल्ल्या, बॅज, लॉकर परत केल्याची पोच घ्या. रेडिएशन विभागात असाल तर डोसीमीटरच्या आजवरच्या नोंदीची प्रतही मागा. तुमच्या शरीरानं वर्षानुवर्षं घेतलेल्या मात्रेचा तो हिशेब पुढच्या नोकरीत लागतो.

हिशेबाच्या कागदावर 'सर्व रक्कम मिळाली' असं छापलेलं असतं. रक्कम खात्यात जमा झाली नसेल तर सहीशेजारी 'रक्कम येणे बाकी' आणि तारीख लिहा. रिलिव्हिंग लेटर (कामातून मोकळं केल्याचं पत्र) आणि अनुभवपत्र हे दोन वेगळे कागद आहेत, दोन्ही मागा. अनुभवपत्रात विभागाचं नाव आणि तिथला कालावधी लिहून घ्या. नुसतं 'स्टाफ नर्स' असं आलं, तर अतिदक्षता विभागात काढलेली तीन वर्षं पुढच्या मुलाखतीत कागदावर दाखवता येत नाहीत.